फोन, निरोप आणि कारागीर : कर्जत-खालापुरातील एका प्रश्नाचा आढावा

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत घर बांधणाऱ्या, घर दुरुस्त करणाऱ्या किंवा नुसत्या गळक्या नळाने हैराण झालेल्या मनुष्याच्या तोंडी दरवाढीपेक्षाही आणि कामाच्या निकृष्टतेपेक्षाही जी तक्रार अधिक असते, ती अशी की, गवंडी, सुतार, वायरमन, प्लंबर, पत्र्याची शेड उभारणारा फॅब्रिकेटर किंवा बोअरवेलमधली मोटर वर काढणारा माणूस फोन उचलत नाही, उचललाच तर ‘उद्या येतो’ असे सांगतो, आणि तो उद्या उलटून गेल्यावर पुन्हा केलेल्या फोनला उत्तर देत नाही. ही तक्रार मुख्यतः मुंबई-पुण्याच्या शेतघरवाल्यांची आहे, अशी समजूत आढळते. ती अर्धवट आहे. कशेळ्याचा शिक्षक, चौकचा दुकानदार आणि कडावचा शेतकरीही त्याच फोनची वाट पाहत असतो. प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबाला तर ही प्रतीक्षा सर्वांत महाग पडते, कारण त्या योजनेतील अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेले आहेत. जोत्याचे काम होऊन त्याचे छायाचित्र नोंदले गेल्याशिवाय पुढची रक्कम सुटत नाही, आणि गवंडी न आल्यामुळे जोते रखडले की हप्ताही रखडतो. ज्याच्यापाशी दुसरे घर आहे त्याची गैरसोय होते. ज्याचे हे एकच घर आहे त्याचा पावसाळा ताडपत्रीखाली जातो.

या प्रश्नावर या भागात बोलले पुष्कळ जाते, पण त्याची मांडणी क्वचितच होते. कारागिरांच्या बेफिकिरीवर सारा दोष टाकून एक पक्ष मोकळा होतो, तर ग्राहकांच्या उद्दामपणावर टाकून दुसरा. प्रश्नाची पूर्वपीठिका काय, त्याविषयी कोणकोणती मते विचारार्ह आहेत, कायदा कोठवर पोहोचतो आणि कोणते मुद्दे अजून सुटलेले नाहीत, एवढे क्रमाने पाहण्याचा येथे हेतू आहे.

पूर्वपीठिका

बोलावल्यावर कारागीर येतो, ही अपेक्षा मुळात आली कोठून, हे पाहू गेल्यास बलुतेदारीपर्यंत जावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले, तीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार इत्यादी बलुतेदार वर्षभर गावकऱ्यांची कामे करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला हक्क उचलीत. आत्र्यांचे वर्णन मुख्यत्वे देशावरचे आहे. कोकणात वस्ती विखुरलेली असल्यामुळे ही व्यवस्था तितकी घट्ट कधीच नव्हती, आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्यांवर तर कारवीच्या कुडाची घरे कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या हातांनीच उभी राहत. तेथे कारागिराला निरोप धाडण्याचा प्रसंगच थोडा. तथापि ज्या खेड्यांत भातशेती आणि कुळवाडी स्थिर होती, तेथे सुताराने पावसापूर्वी नांगर नीट करून देणे हे त्याच्या मर्जीवर अवलंबून नसे. त्याला त्यासाठी वेगळा निरोप लागत नसे आणि वेगळा मोबदलाही मिळत नसे.

या तत्परतेची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तिची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. ती तत्परता जातीने नेमून दिलेली होती, आणि जो बलुतेदार जितका खालच्या पायरीवरचा, तितका त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हेच दुःख होते की, वतनाच्या क्षुल्लक मोबदल्यात एका अख्ख्या समाजाला दिवसा-रात्री केव्हाही हाकेसरशी हजर राहावे लागे. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. न येण्याचे स्वातंत्र्य ही श्रमिकाने फार सोसून मिळवलेली गोष्ट आहे, आणि आजच्या प्रश्नाचा कोणताही विचार ते स्वातंत्र्य गृहीत धरूनच झाला पाहिजे, असे मला वाटते.

बलुत्याच्या जागी रोख मजुरी आणि कंत्राट आले ते या भागात अन्यत्रापेक्षा आधी आणि एकदम आले, याचे कारण बोरघाटातील लोहमार्ग. १८५६ च्या आरंभी विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराने घाटाचे काम हाती घेतले, आणि कर्जत ते खंडाळा या चढणीवर हजारो मजुरांचे तळ पडले. काम पोटकंत्राटदारांमार्फत चाले. वरून सुटलेला पैसा खालपर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगा झाला, सरकारी चौकशी झाली, आणि त्याच वर्षी फेव्हिएलने मक्ता सोडला. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आला. तो भारतात पोहोचल्यावर अल्पावधीतच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने आपल्या अभियंत्यांकरवी ते कंत्राट निभावले. एप्रिल १८६३ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या हकिकतीचे महत्त्व असे की, तिच्या मागेपुढे दोन परस्परविरोधी तक्रारींना कायद्याने ओळख दिली. १८५९ चा तेरावा कायदा, ज्याला कारागीर-मजुरांच्या करारभंगाचा कायदा म्हणत, तो उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराविरुद्ध होता. धन्याच्या फिर्यादीवरून मॅजिस्ट्रेट त्याला रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम देई, आणि हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी सुनावू शके. त्याच्या पाठोपाठ १८६० साली मालक व मजूर यांच्या तंट्यांविषयी जो कायदा झाला, त्याची प्रेरणा बोरघाटातील दंग्याची होती, आणि लोहमार्गासारख्या कामांवरील मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्याचा अधिकार त्याने मॅजिस्ट्रेटला दिला. ‘पैसे घेतले आणि आला नाही’ हे गाऱ्हाणे एकीकडे, ‘काम केले आणि पैसे मिळाले नाहीत’ हे दुसरीकडे. आज कर्जतच्या बाजारपेठेत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानापाशी अर्धा तास उभे राहिले, तर हीच दोन गाऱ्हाणी ऐकू येतात.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची जलविद्युतगृहे सुरू झाली. स्वातंत्र्योत्तर काळात खोपोलीत पोलादाचे व कागदाचे कारखाने, रसायनीला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत, अशी भर पडत गेली. फिटर, वेल्डर, वायरमन ही माणसे या कारखान्यांनी घडविली आणि कारखान्यांनीच ठेवूनही घेतली. गावातले किरकोळ काम हे त्यांच्या सुट्टीच्या दिवसाचे काम झाले. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर मात्र चित्र पालटले. दोन्ही महानगरांतील सुस्थित माणसाला हा प्रदेश शनिवार-रविवारच्या टप्प्यात आला, नेरळपासून खांडसपर्यंत आणि वावोशीपासून चौकपर्यंत शेतघरे, बंगल्यांच्या वसाहती, भाड्याने देण्याचे व्हिला उभे राहिले, आणि पूर्वी ज्या खोऱ्यात वर्षाकाठी थोडी घरे बांधली जात, तेथे बारमाही बांधकाम व बारमाही दुरुस्ती सुरू झाली. हात वाढले, पण गरज त्याहून फार वेगाने वाढली.

दूरध्वनीने काय बदलले

पूर्वी मिस्त्रीला बोलवायचे म्हणजे त्याच्या घरी जावे लागे, किंवा त्याच्या वाडीकडे निघालेल्या कोणाच्या तरी हाती निरोप द्यावा लागे. या पद्धतीत एक अंगभूत गाळणी होती. जो चालत आला, त्याची निकड खरी असे. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला मिस्त्री ‘पंधरा दिवस जमणार नाही’ असे तोंडावर सांगे, कारण न सांगून सुटका नव्हती. मोबाइल आला तेव्हा आरंभी येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली ते बंद झाले, आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत बोलणे जवळपास फुकट झाले. आता निकड नसलेला मनुष्यही केवळ दर विचारण्यासाठी पाच जणांना फोन करतो. पाचांपैकी चौघांची उत्तरे व्यर्थ जाणार हे कारागिराला अनुभवाने ठाऊक असते.

दूरध्वनीमुळे बाजार सुधारतो, याचा एक प्रसिद्ध दाखला केरळचा आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोहोचताना मासळीच्या भावांचा अभ्यास केला आणि २००७ साली दाखवून दिले की, समुद्रातूनच बंदराबंदरांचे भाव विचारता येऊ लागल्यावर भावांतील तफावत घटली आणि माल फुकट जाणे थांबले. मग तोच फोन कर्जतला हा चमत्कार का करीत नाही? मला सुचणारे उत्तर असे : मासळी एका बंदराऐवजी दुसऱ्या बंदरात नेता येते आणि तिचा भाव त्या क्षणी ठरतो, सुताराचे हात एका वेळी एकाच घरी असतात, आणि त्याच्या कामाचा दर घर पाहिल्याशिवाय ठरत नाही. फोनने माहिती पोहोचते. येथे तुटवडा हातांचा आहे.

खोऱ्याच्या भूगोलाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. भीमाशंकरच्या पायथ्याच्या किंवा राजमाचीच्या बाजूच्या वाड्यांत मोबाइलला रेंज मिळणे बेभरवशाचे असते, छताच्या पत्र्यावर किंवा विहिरीत उतरून काम करणारा माणूस फोन खाली ठेवून गेलेला असतो, आणि संध्याकाळी त्याला दिसतात ते वीस-पंचवीस मिस्ड कॉल, ज्यांतील अर्धे अनोळखी क्रमांकांचे. त्यांतला कर्जाची जाहिरात करणारा कोणता आणि गळती लागलेला कोणता, हे त्याला कळण्यास मार्ग नसतो.

मतभेदांचे स्वरूप

पहिले मत नीतीचे आहे, आणि वडीलधारी माणसे ते कळकळीने मांडतात. त्यांच्या मते दिलेला शब्द हीच कारागिराची पत. ‘येतो’ म्हणून न येणे हा असत्याचाच प्रकार आहे, आणि दुसऱ्याचा दिवस वाया घालवणे म्हणजे त्याच्या वेळेचा अपहार करणे होय. या मताला हसण्याचे कारण नाही. ज्या आजी एकट्या राहतात आणि पंपाचा माणूस येणार म्हणून दिवसभर दारात बसून राहतात, त्यांचा दिवस खरोखरच हिरावला जातो. परंतु हे मत एका गोष्टीचा उलगडा करीत नाही. तोच गवंडी पंधरवड्यापूर्वी शेजारच्या गावात ठरल्या दिवशी सकाळी आठला हजर झालेला असतो. दोष केवळ स्वभावाचा असता, तर तो सर्वत्र सारखा दिसला असता.

दुसरे मत हिशेबाचे. प्रतीक्षेच्या गणिती शास्त्राचा उगम टेलिफोनमध्येच आहे, हा एक चित्तवेधक योगायोग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर एरलांग याने १९०९ साली फोनच्या संख्येचे जे विवेचन केले, त्यातून हे शास्त्र वाढले. त्याचा एक साधा निष्कर्ष असा की, कामे अवचित येत असतील आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ अनिश्चित असेल, तर काम करणाऱ्याचा दिवस जसजसा भरत जातो, तसतशी प्रतीक्षा समप्रमाणात वाढत नाही, ती उसळी घेते. सरासरी काम एका दिवसाचे धरले आणि मिस्त्रीचा ऐंशी टक्के वेळ भरलेला असला, तर नव्या ग्राहकाला सरासरी चार दिवस थांबावे लागते. नव्वद टक्के भरला तर नऊ दिवस. पंच्याण्णव टक्के भरला तर एकोणीस. पंच्याण्णव टक्के भरलेल्या माणसाचे एक काम जरी लांबले, तरी पुढच्या साऱ्या तारखा कोलमडतात. त्याने दिलेली तारीख देताना खोटी नसते. ती खोटी ठरते.

कर्जत-खालापुरात ही गर्दी ऋतूने अधिकच दाटते. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शिमग्यानंतर जूनपर्यंत शाकारणी, पत्रे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, विजेची कामे हे सर्व एकाच वेळी सर्वांना हवे असते, आणि नेमके तेव्हाच उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, बंगालकडचे कारागीर होळीला किंवा लग्नसराईला मुलुखाकडे गेलेले असतात. पाऊस लागला की स्थानिक कुणबी, आगरी, ठाकूर माणूस लावणीच्या चिखलात उतरतो; गणपतीत काम बंद; कापणीला पुन्हा शेत; दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघून जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या साऱ्या अडचणी एकवटल्या : जिल्ह्यात घरांची कौले व पत्रे उडालेले, पाऊस दारात, आणि टाळेबंदीमुळे परप्रांतीय कारागीर महिनाभर आधीच श्रमिक गाड्यांनी घरी परतलेले. त्या आठवड्यांत फोन न उचलणाऱ्या पत्रेवाल्याला अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे ठरले असते.

या मताची उणीव अशी की, प्रतीक्षा का होते हे ते सांगते, मौन का होते हे सांगत नाही. एकोणीस दिवस लागतील, तर ‘एकोणीस दिवस लागतील’ असे का सांगू नये?

या मौनाचा उलगडा तिसरे मत करते, आणि ते मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगे वाटते. ते नात्यांचे मत आहे. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतील बाजारपेठेचा अभ्यास करून १९७८ साली असे मांडले की, जेथे मालाची प्रत व भाव यांची खात्रीलायक माहिती दुर्मिळ असते, तेथे माणसे दरवेळी नवा विक्रेता न शोधता ठरावीक माणसांशी कायमचे गिऱ्हाईकपण जोडतात. आमच्या खोऱ्यात हेच घडते. मिस्त्रीच्या मनात ग्राहकांची एक उतरंड असते : प्रथम ज्याने मोठे काम दिले आहे तो कंत्राटदार, मग गावकीतला आणि सोयरा, मग जुने गिऱ्हाईक, मग हार्डवेअरवाल्याने पाठवलेला, आणि शेवटी अनोळखी क्रमांक. नकार मात्र त्याला कोणालाच द्यायचा नसतो, कारण मोठे काम केव्हा थांबेल याचा नेम नाही, बिल्डरचा हप्ता थकला की उद्याच तो मोकळा होईल, आणि तेव्हा आज नाकारलेला माणूस हाताशी लागणार नाही. ‘नाही’ म्हटल्याने काम कायमचे जाते. ‘येतो’ म्हटल्याने ते लोंबकळत का होईना, राहते. शिवाय मुंबईच्या ‘साहेबा’ला तोंडावर नाही म्हणणे हा उद्धटपणा ठरेल, हे भय पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. मौन हा त्याचा नकार असतो, पण तो नकार मागे घेता येण्याजोगा असतो.

या मतात ग्राहकाची बाजूही तपासली जाते, हे त्याचे आणखी एक बळ. कर्जतहून खांडसला दुचाकीने जाऊन, माप घेऊन, अंदाज सांगून परत येणे यात मिस्त्रीचा अर्धा दिवस आणि पेट्रोल जाते, आणि त्याबद्दल त्याला बहुधा काहीच मिळत नाही. त्याने दिलेला अंदाज दुसऱ्याला दाखवून दर पाडून घेतला जातो. काम संपल्यावर शेवटचा हप्ता राखून ठेवण्याची रीत सर्रास आहे. ती सदोष कामाविरुद्ध ग्राहकाची एकमेव ढाल आहे हे खरे, पण पुष्कळदा ती ढाल परत मिळत नाही. सोमवारी सकाळी मुंबईला निघून गेलेल्या मालकाकडे तगादा लावणे मिस्त्रीला सोपे नसते, आणि तेव्हा मालक फोन उचलत नाही. दोन्ही बाजूंच्या मौनांची ही सममिती आमच्याकडच्या चर्चांत सहसा येत नाही.

चौथे मत व्यवस्थेचे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखविले की, चांगला माल व वाईट माल यांतील भेद ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर चांगल्याला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून हटतो. या मताचे लोक म्हणतात, कारागिरांची नोंदणी करा, त्यांना प्रमाणपत्रे द्या, म्हणजे वक्तशीरपणाला किंमत येईल. वीजजोडणीच्या बाबतीत हे काही अंशी झालेले आहे. महावितरणला लागणारा चाचणी अहवाल परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचाच असावा लागतो. परंतु बहुधा सही परवानाधारकाची असते आणि तारा ओढणारे हात दुसऱ्याचे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, लोहार, राजमिस्त्री आहेत, पण प्लंबर आणि वायरमन नाहीत. राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तिचा उपयोग कामगाराच्या कल्याणाला होतो, ग्राहकाला कारागीर शोधून देणे हे तिचे कामच नाही. मोबाइलवर कारागीर पुरवणाऱ्या कंपन्या महानगरांत रुजल्या त्या दाट वस्तीच्या बळावर. जेथे दोन ग्राहकांमध्ये वीस किलोमीटरचा घाटरस्ता असतो, तेथे तोच हिशेब कितपत बसेल याविषयी मी साशंक आहे.

कायदा कोठवर पोहोचतो

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, फोनला उत्तर न देणे हा कोणत्याही कायद्याचा भंग नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार झाल्याशिवाय करार होत नाही, आणि मौन हा स्वीकार नव्हे. इसार दिला-घेतला, मुदत ठरली, म्हणजे पुढचा प्रश्न येतो. तेव्हाही न्यायालय कारागिराला हाताला धरून कामावर आणणार नाही. व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही, हे तत्त्व विशिष्ट अनुतोष अधिनियमात आहे. १८५९ चा जो कायदा कारागिराला तुरुंगात घालू शके, तो १९२५ सालीच रद्द झाला, आणि तो परत यावा असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. उरते ती नुकसानभरपाई. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर, नोटीस देऊन काम दुसऱ्याकडून पुरे करून घेऊन त्याचा खर्च पहिल्याकडून वसूल करण्याचा हक्क.

ग्राहक संरक्षण कायदा, प्रथम १९८६ चा आणि आता २०१९ चा, घरबांधणी ही ‘सेवा’ मानतो. मात्र व्यक्तिगत सेवेचा करार त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे मक्त्याने, मालासकट काम घेतलेल्या कंत्राटदाराविरुद्ध दाद मागता येते. पण मालकाच्या देखरेखीखाली रोजंदारीवर ठेवलेल्या गवंड्याविरुद्ध ती मिळणे कठीण. या भागातील लहानसहान कामांपैकी पुष्कळ कामे दुसऱ्या प्रकारची असतात. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, तरी आठ हजारांच्या इसारासाठी कर्जतचा माणूस अलिबागची वाट धरीत नाही. महारेराचा आधार विकासकाकडून घर घेणाऱ्याला आहे. आपल्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला नाही.

चालू असलेले तोडगे

लोकांनी आपल्यापुरते जे मार्ग शोधले आहेत, त्यांत सर्वांत यशस्वी मार्ग हार्डवेअरच्या दुकानाचा दिसतो. दुकानदाराकडे मिस्त्रीचे उधारीचे खाते असते, त्याने पाठवलेल्या कामावर पुढचे सिमेंट व पाइप त्याच्याकडूनच जायचे असतात, आणि म्हणून त्याचा फोन मिस्त्री टाळत नाही. ही जुन्या गावकीच्या जामिनकीची नवी आवृत्ती आहे, आणि तिची किंमत मालाच्या भावात मिळवलेली असते. शेतघरवाले राखणदारामार्फत बोलावतात. राखणदार त्याच वाडीचा असल्यास काम लवकर होते. काही वसाहतींनी प्लंबर व वायरमन यांच्याशी वार्षिक ठराव केला आहे, ज्यात काम असो वा नसो, दरमहा ठरावीक रक्कम दिली जाते. हा उपाय मला विशेष योग्य वाटतो, कारण त्यात कारागिराच्या वेळेची किंमत आधीच मान्य केलेली असते. एकट्यादुकट्या घरासाठी त्याचेच लहान रूप म्हणजे पाहणीचे पैसे : मिस्त्री येऊन माप घेऊन गेला की काम मिळो न मिळो, त्याच्या हाती रोख रक्कम पडावी. ज्यांनी ही रीत धरली, त्यांना मिस्त्री येतो, असा या भागातील जाणत्यांचा अनुभव आहे.

अनिर्णित मुद्दे

तरीही काही प्रश्न मोकळेच राहतात. पहिला असा की, पाहणीचे पैसे आणि वार्षिक ठराव ही रीत रूढ झाली, तर ती घरकुलवाल्या कुटुंबाला रांगेत आणखी मागे ढकलील काय? ज्याच्यापाशी द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी पूर्वी नातेगोते तरी होते. ग्रामपंचायतीने घरकुलांची कामे एकत्र करून एकाच गवंड्याच्या पथकाला सलग द्यावीत, अशी सूचना करता येईल, पण लाभार्थ्याने आपले घर आपल्या देखरेखीखाली बांधावे या योजनेच्या मूळ तत्त्वाशी तिचा मेळ कसा घालायचा, हे ठरवावे लागेल.

दुसरा प्रश्न नकाराचा. कारागिराला निःशंकपणे ‘या महिन्यात नाही’ म्हणता यावे आणि त्यामुळे त्याचे गिऱ्हाईक तुटू नये, यासाठी कोणती यंत्रणा उपयोगी पडेल? दुकानदाराच्या फळ्यावर कोण कोणत्या आठवड्यापर्यंत गुंतला आहे एवढे लिहून ठेवण्याइतका साधा उपायही चालू शकेल. पण आपण पूर्ण भरलो आहोत हे जाहीर होणे मिस्त्रीला हिताचे वाटेल, की त्याला ते आपल्या सौदेबाजीच्या आड येईल असे वाटेल, याची परीक्षा प्रत्यक्षातच होईल.

तिसरा आणि सर्वांत दूरगामी प्रश्न उद्याच्या हातांचा आहे. सुताराचा मुलगा सुतारकी घेत नाही, आणि जो घेतो तो पनवेलच्या मोठ्या साइटवर जातो. नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आहे, आणि त्याभोवतीच्या बांधकामांची मजुरी या दोन तालुक्यांतील तरुणांना आजच खुणावते आहे. पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्ग मोहोपे, चौक करीत सुमारे तीस किलोमीटरचे अंतर तोडणार आहे. त्या गाड्यांतून सकाळी कर्जतचा वायरमन पनवेलला जाईल, की पनवेल-कळंबोलीच्या नाक्यावरचा कारागीर चौक-कर्जतला कामाला येऊ लागेल, यावर येथल्या फोनांची उत्तरे पुढील दहा वर्षे अवलंबून राहणार आहेत. आणि तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी कारखान्याच्या फिटरऐवजी घरोघरच्या दुरुस्तीचा कारागीर घडवायचा ठरवला, तर त्या मुलाला महिन्याकाठी कारखान्याइतकी स्थिर प्राप्ती कशी मिळवून द्यायची, याचे उत्तर शासन, ग्रामपंचायती आणि घरमालक यांपैकी अद्याप कोणीच दिलेले नाही.